काचेचं रबर आणि पाण्याची वाट

रानात खुरपता खुरपता मोबाइलवर ऐकणाऱ्या आक्का, गोठ्यात धार काढणाऱ्या वहिनी, शिलाई मशीनवर बसलेल्या ताई, आणि गटाची बैठक भरवून एकत्र ऐकणाऱ्या सगळ्या मैत्रिणींनो!

आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. आज पापड-लोणच्यावर बोलायचं नाही, शेळीपालनावर नाही आणि कर्जाच्या हप्त्यावरही नाही. आज बोलायचं आहे जुन्या मोटारीच्या काचेभोवती जे रबर असतं, त्यावर. गॅरेजमध्ये त्याला कुणी 'बिडिंग' म्हणतं, कुणी नुसतं 'काचेचं रबर'. हे रबर गेलं की गाडीत पाणी येतं, पाणी आलं की पत्रा सडतो, आणि पत्रा सडला की चांगली वस्तू भंगाराच्या काट्यावर जाते. हा प्रसंग आमच्या गटातल्या एका घरावर आला होता. तेव्हा आम्ही जे पाहिलं आणि हातानं केलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्याकडं जुनी मोटार कुणाच्या दारात असणार, असं वाटेल. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली गावं आठवून पाहा. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली. माण-खटावची माणसं मुंबईला गिरण्यांत आणि गोदीत गेली. यात्रेला गावी येताना कुणी गाडी घेऊन आलं आणि ती इथंच राहिली. कुठं डॉक्टरांची जुनी गाडी, कुठं कारखान्यातून निवृत्त झालेल्या काकांची. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वर पोतं टाकलेली अशी गाडी तुम्हीही पाहिली असेल. बहुतेक वेळा ती पद्मिनी असते.

या पद्मिनीचा आपल्या भागाशी एक धागा जुळतो. सांगलीचं वालचंद कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. १९४७ साली सुरू झालेलं हे अभियांत्रिकी महाविद्यालय. त्याला ज्यांचं नाव दिलं ते शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारी बनू लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीची गाडी तिथं तयार होऊ लागली, म्हणून आपल्याकडची जुनी माणसं आजही तिला 'फियाट'च म्हणतात. १९७४ पासून तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. दादरला उतरल्यावर ज्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आपण गाठोडी घेऊन बसायचो, तीच ही गाडी. ऑक्टोबर २०२३ अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची टॅक्सीही गेली. कारखाना त्याच्या कितीतरी आधी बंद पडला. म्हणजे आता दारात जी उभी आहे ती सांभाळली तरच राहणार.

आता आमच्या वहिनींची गोष्ट. त्यांचे मालक वारले आणि पद्मिनी दारात उभी राहिली. एका पावसाळ्यात गाडीत पाणी साचलं. पायाखालची चटई कुजली, आत कुबट वास सुटला, दाराच्या कडेला गंज दिसू लागला. भावकीतले म्हणाले, वजनावर घालून टाका. एका गॅरेजवाल्यानं नुसतं दार उघडून बघितलं आणि सांगितलं, तळाचा सगळा पत्रा बदलावा लागेल. आकडा ऐकून वहिनी गप्पच बसल्या. मग त्यांनी गटाकडं कर्जाचा अर्ज दिला.

गटाच्या बैठकीत अर्ज वाचला आणि एका मावशींनी साधा प्रश्न विचारला, "पाणी नेमकं येतंय कुठनं?" उत्तर कुणाजवळच नव्हतं, कारण तसं कुणी बघितलंच नव्हतं. घर गळायला लागलं तर आपण आधी कुठलं कौल सरकलंय ते बघतो. सगळं छप्पर उतरवायला निघत नाही. मग गाडीचं वेगळं का? आम्ही ठरवलं, कर्ज मंजूर करायच्या आधी गळती शोधायची. जवळच्या गावात वयानं थकलेले एक मिस्त्री होते. आयुष्यभर काचा बसवलेला माणूस. ते म्हणाले, "मी खुर्चीवर बसून सांगतो, हात तुमचे चालवा." मग त्यांनी सांगितलं आणि आम्ही केलं.

आधी हे रबर करतं काय, ते समजून घेऊ. आपल्या घरातला कुकर डोळ्यांसमोर आणा. झाकणाच्या आत रबराची रिंग असते. ती मऊ आहे तोवर झाकण आणि भांडं यांच्यामध्ये दाबून बसते आणि वाफ अडवते. ती कडक झाली की वाफ बाजूनं निसटते. मग आपण काय करतो? झाकणाभोवती कणीक लिंपतो. त्या दिवसाची डाळ शिजते, पण रिंग काही नवी होत नाही. गाडीच्या काचेचंही तसंच आहे. रबर कडक झालं की वरून कितीही मसाला चोपडा, ते कणीक लिंपण्यासारखंच. एक पाऊस निघतो, दुसऱ्या पावसाला पुन्हा गळती.

रबर कडक का होतं? झाडाच्या चिकापासून केलेलं रबर मुळात उन्हानं चिकट आणि थंडीनं कडक व्हायचं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना सापडलं, की त्यात गंधक घालून तापवलं तर ते टिकाऊ आणि लवचिक होतं. तेव्हापासून रबराचा एवढा वापर सुरू झाला. पण ऊन आणि हवेतला ओझोन वायू यांच्यापुढं असं रबरही हळूहळू हरतं. त्याला बारीक भेगा पडतात, ते आखडतं, आणि कोपऱ्यात पहिल्यांदा फट पडते. माण, जत, आटपाडीच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर लवकर जातं आणि त्या फटीतून आधी धूळ आत येते. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला तीच फट पावसाळ्यात पाणी घेते. हल्ली बाहेरच्या वापरासाठी 'ईपीडीएम' नावाचं कृत्रिम रबर मिळतं. ऊन-पावसात ते जास्त टिकतं. मात्र तेल, ग्रीस, पेट्रोल त्याला चालत नाही. त्यानं ते फुगतं आणि ढिलं पडतं. म्हणून काच बसवताना तेल लावायचं नाही. साबणाचं पाणीच वापरायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता गळती कशी शोधायची. पैसा लागत नाही, फक्त दोघी-तिघी जणी लागतात. आधी गाडीतल्या चटया बाहेर काढायच्या आणि तळ कोरडा पुसून जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. एकीनं विजेरी घेऊन आत बसायचं, दारं-काचा बंद करायच्या. दुसरीनं बाहेरून तांब्यानं पाणी सोडायचं. पाणी जोरात मारायचं नाही, आणि वरून सुरुवात करायची नाही. वरून ओतलं की सगळीकडं पसरतं आणि कुठून आत आलं ते कळत नाही. आधी काचेच्या खालच्या कडेला पाणी सोडा, थांबा. मग एक बाजू, मग दुसरी बाजू, आणि सगळ्यात शेवटी वरची कड. आतली बाई ओलं दिसताच "थांब" म्हणेल. तिथं खडूनं खूण करायची. कागद कुठं भिजला त्यावरूनही कळतं, पण एक ध्यानात घ्या, पाणी जिथं टपकतं तिथूनच आत येतं असं नाही. कोपऱ्यातून आलेलं पाणी पत्र्याच्या कडेनं हातभर वाहत जाऊन भलतीकडं पडतं. कौलातून आलेलं पाणी जसं वाशावरून लांब जाऊन ठिबकतं, तसंच.

दाराभोवतीच्या रबरासाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे. कागदाची पट्टी दाराच्या फटीत धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. जिथं ती अलगद निघून येते, तिथं रबर दाबून बसत नाही. जिथं अडते, तिथं ठीक आहे. अशी दाराभोवती पट्टी फिरवत जायची.

वहिनींच्या गाडीत या परीक्षेतून दोनच दुखणी सापडली. पुढच्या मोठ्या काचेचा डावीकडचा खालचा कोपरा गळत होता, आणि दोन दारांच्या तळाशी पाणी अडून बसत होतं. तळाच्या पत्र्याला एकाच जागी तळहाताएवढं भोक पडलं होतं. बाकी नुसता वरवरचा गंज. सगळा तळ बदलायचं काही कारणच नव्हतं. तिथंच कर्जाचा आकडा खाली आला.

आता काम. पुढच्या काचेचं रबर बदलायचं तर आधी नवं रबर आणावं लागतं. इथं घाई करू नका. जुन्या रबराचा तीन बोटं लांबीचा तुकडा कापून नमुना म्हणून न्या. त्याचा कापलेला तोंडवळा बघायचा. त्यात दोन खाचा दिसतील, एक काचेसाठी आणि दुसरी गाडीच्या पत्र्यासाठी. खाचेची रुंदी, ओठाची जाडी, सगळं नमुन्याशी जुळलं पाहिजे. 'हेही बसेल' असं दुकानदार म्हणाला तरी घेऊ नका. जवळ मिळालं नाही तर मुंबईत कुर्ला भागात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथं कुणी जाणारं-येणारं असेल त्याच्या हाती नमुना पाठवा. रबर आणल्यावर गुंडाळी सोडून थोडा वेळ उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवलं की मऊ पडतं आणि हाताला वळतं.

मग जुनी काच काढायची. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही. काच कोणत्या प्रकारची आहे ते तिच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून मिस्त्री ओळखतात. एका प्रकारात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. ही काच वाकली की कडेपासून चीर धावते. दुसरी कडक केलेली काच असते, तिच्या कडेला टणका बसला तर सबंध काच डाळीसारखे दाणे होऊन खाली येते. म्हणून दोन्ही प्रकारांत काचेची कड कशावरही आपटू द्यायची नाही. वायपर काढून ठेवायचे, रबरात चकचकीत पट्टी असेल तर ती न वाकवता सोडवायची. जुनं रबर फेकायचंच आहे, तर बाहेरचा ओठ धारदार पात्यानं कापून टाकायचा. मग एकीनं आतून तळव्यांनी हळूहळू दाब द्यायचा आणि बाहेरच्या दोघींनी काच झेलायची. रबराचा ओठ वाचवायचा हट्ट धरून स्क्रू ड्रायव्हरनं काच उचकटायला गेलं की काच जाते. नवी काच रबरापेक्षा कितीतरी महाग.

काच निघाली की खरं काम समोर येतं. ज्या पत्र्याच्या कडेवर रबर बसतं, ती कड. तिथं वर्षांनुवर्षांचा मसाला, माती आणि गंज असतो. ही कड साफ करण्यातच निम्मं काम आहे. जुना मसाला लाकडी पट्टीनं खरवडायचा, गंज तारेच्या ब्रशनं घासायचा, भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचा तुकडा लावून घ्यायचा. मग रेड ऑक्साइडचा हात, त्यावर रंग, आणि पूर्ण वाळू द्यायचं. गंजावर लांबी भरून रंग मारला की दिसायला गुळगुळीत होतं, पण आत गंज चालूच राहतो. तुमचं काम गॅरेजमध्ये होणार असेल तर काच काढल्यावर मला बोलवा, असं सांगून ठेवा. ती कड स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मोबाइलवर फोटो काढा. नवी काच बसल्यावर आत काय झाकलं ते कुणालाच दिसत नाही.

आता रबर काचेवर चढवायचं. काच जाड गोधडीवर पालथी ठेवायची. रबराची काचेची खाच आधी कोपऱ्यांत बसवायची, मग सरळ कडांवर. रबर ताणून बसवायचं नाही. ताणलेलं रबर पुढं आखडतं आणि सांध्यात फट पडते. गोल जोडलेलं रबर मिळालं तर सांध्याचा प्रश्नच नाही. मीटरवर मिळणारं रबर असेल तर सांधा कोपऱ्यात येऊ द्यायचा नाही, सरळ भागात घ्यायचा, आणि बोटाच्या रुंदीइतकं जास्तच कापायचं. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसली पाहिजेत.

इथून पुढचं काम ऐकून तुम्हाला वाटेल, हे तर आपलंच काम. परकराच्या नेफ्यात आपण नाडी ओवतो ना, तशी रबराच्या बाहेरच्या खाचेत, म्हणजे पत्र्यासाठी असलेल्या खाचेत, सगळीकडून एक दोरी बसवायची. नाडीएवढ्या जाडीची, गुळगुळीत, मजबूत नायलॉनची दोरी घ्यायची. दोन्ही टोकं खालच्या कडेच्या मधोमध एकमेकांवर वीतभर ओलांडून आणायची आणि आतल्या बाजूला लोंबती सोडायची. मग साबणाचं पाणी पत्र्याच्या कडेला आणि रबराला लावायचं. दोघींनी काच बाहेरून जागेवर धरायची, चारी बाजूंनी सारखी आहे ना ते बघायचं, आणि आत बसलेलीनं दोरीचं एक टोक हळूहळू ओढायचं. दोरी काचेच्या मध्याच्या दिशेनं, म्हणजे पत्र्याच्या कडेपासून दूर ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उडी मारून आत येतो. आतली बाई दोरी जिथं ओढते, त्याच जागी बाहेरच्या बाईनं तळहातानं दाब द्यायचा. आधी खालची कड, मग खालचे दोन कोपरे, मग दोन्ही बाजू आणि सगळ्यात शेवटी वरची कड. एकीनं "आलं" म्हणायचं, दुसरीनं पुढं सरकायचं. दळणाच्या जात्यावर दोघी बसल्या की हाताला हात कसा जुळतो, तसं हे काम आहे. एकटीचं नाही आणि जोराचंही नाही. कुठं अडलंच तर थांबायचं, पुन्हा साबणाचं पाणी लावायचं. ठोकायचं नाही.

आमच्या मिस्त्रींनी एक पथ्य सांगितलं. काच बसवताना मसाला भरायचा नाही. आधी कोरडी बसवायची, साबणाचं पाणी एक-दोन दिवस वाळू द्यायचं, आणि मग मसाला. मसाला म्हणजे सीलंट. त्यातही निवड आहे. काचेच्या रबरासाठी जे मऊच राहतं, दगडासारखं कडक होत नाही, ते घ्यायचं. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन बाथरूमच्या टाइल्ससाठी ठीक आहे, पण त्यातल्या आम्लानं उघडा पत्रा गंजतो. नव्या गाड्यांच्या काचा ज्या पक्क्या चिकटद्रव्यानं बसवतात, तेही इथं नको. पुढं कधी काच काढायची वेळ आली तर ती फुटूनच निघेल. सीलंट भरताना रबराचा ओठ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं हलकेच उचलायचा, नळीचं टोक आत घालायचं आणि सारख्या हातानं पुढं जायचं. एकदा रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, एकदा रबर आणि काच यांच्यामध्ये. बाहेर आलेलं लगेच पुसून घ्यायचं. ज्या रबरात पट्टीची खाच असते, त्यात ती पट्टी सगळ्यात शेवटी बसवायची. तिच्यामुळं रबर दोन्हीकडं घट्ट दाबलं जातं, म्हणून ती नुसती शोभेची समजून सोडून देऊ नका.

आता दाराच्या काचा. मैत्रिणींनो, आजच्या सगळ्या बोलण्यातली महत्त्वाची गोष्ट इथं आहे. पुढची काच बसवताना आपण पाणी पूर्ण अडवतो. दाराचं तसं नाही. दाराची काच वर-खाली होते, त्यामुळं तिच्या कडेनं थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरूनच दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. काचेखालच्या रबरी पट्ट्या पाणी कमी करतात, आणि उरलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जातं. ही भोकं माती-पाल्यानं बुजली की दार म्हणजे पाण्याचं डबकं होतं आणि आतून सडत जातं. काही लोक गळती थांबवायची म्हणून तीच भोकं मसाल्यानं बंद करतात. मग तर दाराचा नाशच. वहिनींच्या गाडीच्या दोन्ही दारांची भोकं चिखलानं बंद झाली होती. केरसुणीच्या काडीनं ती मोकळी केली आणि दारातून तांब्याभर काळं पाणी बाहेर आलं. त्या कामाला एक रुपयाही लागला नाही.

पाणी कुठं अडवायचं आणि कुठं वाट द्यायची, हे आपल्या भागातल्या बायकांना नव्यानं शिकवावं लागत नाही. बांध घालताना सांडवा ठेवतोच की आपण. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. गाडीचंही तेच सूत्र.

दाराच्या काचेचा जो चॅनेल असतो, त्यात आत मऊ कापडासारखं अस्तर असतं. ते झिजलं की काच खडखडते आणि वाकडी चढते. तो चॅनेल बदलता येतो. तिथंही तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटते आणि काचेवर चरे पडतात. पद्मिनीच्या पुढच्या दारांना लहान तिकोनी काच असते. तिचं रबर कोपऱ्यात पहिल्यांदा तुटतं. पाऊस वाऱ्यानं मारला की सीटवर पाणी तिथूनच येतं, तेव्हा तेही तपासा.

काम झाल्यावर पुन्हा तीच परीक्षा करायची. आत वर्तमानपत्र, बाहेर तांब्या. ही परीक्षा झाल्याशिवाय गॅरेजचे सगळे पैसे चुकते करू नका. आपण भांडं घेताना पाणी भरून बघतोच, त्यात मिस्त्रीला वाईट वाटायचं काही कारण नाही. सीलंट पुरतं बसेपर्यंत सर्व्हिसिंगच्या जोराच्या पंपानं गाडी धुवायची नाही. पुढं महिन्यातून एकदा रबर ओल्या फडक्यानं पुसायचं, त्यावर ग्लिसरीनचा हलका हात फिरवायचा. रॉकेल, डिझेल, खोबरेल तेल लावायचं नाही. त्या दिवशी चमकतं आणि वर्षभरात सडतं. गाडी सावलीला लावली तर रबराचं आयुष्य वाढतं. आणि पावसाळ्याच्या तोंडावर दाराची भोकं तपासायची, जशी आपण पन्हाळी साफ करतो.

कृष्णा आणि वारणाकाठच्या मैत्रिणींसाठी दोन वाक्यं. २००५, २०१९, २०२१, तीन महापूर आपण पाहिले. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर कुठलंच रबर पाणी अडवू शकत नाही, हे खरं. पाण्याचा इशारा मिळाला की गाडी उंचावर नेणं हाच उपाय. बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघायची नाही. आधी बॅटरीची वायर सोडवायची, दाराच्या तळाचा गाळ काढायचा, चटया बाहेर उन्हात टाकायच्या, आणि मिस्त्रीनं इंजिन बघितल्यावरच सुरू करायची.

शेवटी पैशाचं आणि कागदाचं. गाडीवर खर्च करण्याआधी ती कुणाच्या नावावर आहे ते बघा. मालक वारले असतील तर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मुदत उलटली असली तरी घाबरून घरी बसू नका, आरटीओत जाऊन पुढं काय करायचं ते विचारा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. गाडी खरोखरच संपली असेल आणि मोडीत काढायची असेल, तर सरकारी नोंदणी असलेल्या केंद्रातच द्या आणि तिथलं प्रमाणपत्र घ्या. दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली आणि कागद तुमच्याच नावावर राहिले, तर पुढची झंझट तुमच्या गळ्यात.

आमच्या वहिनींनी आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि मगच कर्ज उचललं. गटानं जे कर्ज दिलं ते एक रबर, सीलंट, पत्र्याचा एक तुकडा, रंग आणि मिस्त्रींची मजुरी, एवढ्याचंच. सबंध तळ बदलण्याचा जो आकडा सांगितला होता, त्याचा हा लहानसा भाग. पुढचा पावसाळा गेला. आषाढात, श्रावणात प्रत्येक पावसानंतर वहिनी चटई उचलून कागद बघायच्या आणि बैठकीत सांगायच्या, "कोरडा आहे." गाडी ठेवायची की विकायची, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. मात्र आता विकली तर ती चालत्या गाडीच्या भावानं जाईल, वजनाच्या भावानं नाही. आणि भाव ठरवायला भावकी बसणार नाही, वहिनी बसतील.

गटांना आमची एवढीच सूचना आहे. दुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला, मग ती गाडी असो, पंप असो, पिठाची गिरणी असो की घराचं छप्पर असो, आकड्यावर सही करण्याआधी दोघी-तिघींनी जाऊन वस्तू बघा. दुखणं नेमकं कुठं आहे ते विचारा. दुरुस्ती करणाऱ्याकडून एकेका कामाचा वेगळा खर्च लिहून घ्या. काय बदलायचं, काय साफ करायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे तीन रकाने पाडा. निम्म्या वेळा कर्ज लहान झालेलं दिसेल. ज्या बाईला मशीनमधलं काही कळत नाही असं घरातले म्हणतात, तिला परकराची नाडी ओवता येते, कुकरची रिंग बदलता येते, गळतं कौल सापडतं. गाडीच्या काचेला याहून वेगळी अक्कल लागत नाही.

तुमच्या गावात जुनी गाडी उभी असेल तर येत्या रविवारी तांब्या आणि वर्तमानपत्र घेऊन जा. काय सापडलं ते आम्हाला पत्रानं किंवा गटाच्या बैठकीत नक्की कळवा.